शेऱ्याचा रकाना

आमच्या घरातल्या आठवणींची सुरुवात पेट्रोलच्या हिशोबापासून झाली. २०१३ मध्ये आम्ही एक वापरलेली गाडी विकत घेतली, आणि नाशिकच्या अंबड भागातल्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम करणाऱ्या माझ्या नवऱ्याने पहिल्याच दिवशी एक दोनशे पानी वही आणून तिच्यात पट्टीने पाच रकाने आखले: दिनांक, किलोमीटर, लिटर, रुपये आणि शेरा. शेऱ्यात काय लिहायचे तेही त्याने ठरवून दिले होते. चाकांत हवा भरली, वायपर बदलला, डावीकडचा ब्रेक आवाज करतो, इतकेच. वही डॅशबोर्डाच्या कप्प्यात राहील, पेन तिला सुतळीने बांधलेले असेल आणि पेट्रोल भरण्याखेरीज दुसऱ्या कारणासाठी तिला कोणी हात लावणार नाही, असा नियम झाला. तो साधारण वर्षभर टिकला.

२०१४ चा पावसाळा सरत असताना आम्ही अंजनेरीला गेलो होतो. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती, नुकतीच जोडाक्षरे लिहायला शिकली होती आणि दिसेल त्या कागदावर लिहीत सुटायची. परतताना पेट्रोलपंपावर रांग लागली, बाबा खाली उतरला, आणि तेवढ्या वेळात तिने शेऱ्याच्या रकान्यात लिहून टाकले: 'माकडाने केळं नेलं. बाबा घाबरला.' नवऱ्याचा आक्षेप वहीत लिहिण्याला नव्हता, दुसऱ्या वाक्याला होता. त्याने ते वाक्य खोडले, पण पेन नेमके तेव्हाच नीट उठत नसल्यामुळे खोडलेले आजही स्वच्छ वाचता येते. त्या दिवसापासून पहिले चार रकाने त्याचे आणि पाचवा सगळ्या घराचा, अशी वाटणी आपोआप होऊन गेली.

ती गाडी आम्ही नुकतीच विकली. विकण्याच्या निमित्ताने वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सलग वाचण्याचा योग आला, आणि इतक्या वर्षांच्या आमच्या रविवारांचे जे काही खरोखर शिल्लक आहे ते त्या दोन बोटे रुंदीच्या रकान्यात आहे, हे माझ्या ध्यानात आले. माझ्या फोनमध्ये अकरा हजारांवर छायाचित्रे आहेत. त्यांतली निम्मी एकाच जागी, एकाच ओळीत उभ्या असलेल्या, उन्हाने डोळे बारीक केलेल्या चार माणसांची आहेत आणि ती मी क्वचितच उघडते. शेऱ्याच्या रकान्यात मात्र 'निसर्गरम्य' हा शब्द मावतच नाही. तिथे मावते ते केळे, चप्पल, मेंढरू. जागा कमी असली की माणूस आपसूक नेमके लिहितो, असा माझा अनुभव आहे. (माझ्या या लेखाची लांबी पाहता तो अनुभव मी स्वतःला लागू केलेला नाही, हे उघड आहे.)

आमच्या सहली फार लांबच्या कधीच नव्हत्या. नाशिककराला त्याची गरजही पडत नाही. घरातून निघून तासाभरात पश्चिमेला गेले तर डोंगर आणि भातशेती, पूर्वेला गेले तर द्राक्षबागा आणि पाणथळ, उत्तरेला किल्ले. सगळ्यांत जवळ म्हणजे पांडवलेणी. शहरापासून सात-आठ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेला असलेला तो त्रिरश्मी डोंगर आमच्या वहीत इतक्या वेळा आला आहे की पुढे पुढे मुलांनी त्याचा नुसता 'पां.' करून टाकला. सकाळी सातच्या आत पोहोचायचे, पायऱ्या चढायच्या, लेण्यांच्या ओसरीत बसून दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खायची, ऊन तापायच्या आधी खाली उतरायचे. वरून समोर सगळे शहर पसरलेले दिसते आणि महामार्गावरच्या मालमोटारी इतक्या चिमुकल्या होतात की त्यांचे भोंगेसुद्धा शोभत नाहीत.

पांडवलेण्यांशी पांडवांचा काही संबंध नाही, ही चोवीस बौद्ध लेणी आहेत, हे मुलांना सांगून झाल्यावर आमच्याकडे सांगण्यासारखे बराच काळ काही नव्हते. मुलगा सातवीत गेला आणि सरळव्याजाची गणिते करू लागला, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले की सांगण्यासारखे तर भिंतीवरच कोरलेले आहे. दहाव्या लेण्याच्या ओसरीत नहपान राजाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. हे लेणे त्याने भिक्खुसंघाला दिले आणि त्यासोबत तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायमची ठेव म्हणून गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या दराने, आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण या दराने. मुद्दलाला हात लावायचा नाही, खायचे ते व्याज. दोन हजारांच्या व्याजातून पावसाळ्यात इथे राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी मिळावेत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

मुलाने तिथेच, ओसरीच्या दगडावर बोटाने आकडे मांडून हिशोब केला. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, भागिले वीस, बरोबर बारा. उत्तर जुळल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे आले ते मी त्याच्या प्रगतिपुस्तकावरही कधी पाहिलेले नाही. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या माणसाने मांडलेले गणित चुकलेले नव्हते. आणि ज्या गोवर्धनचे नाव त्या लेखात आहे, त्याच नावाचे गाव गंगापूर धरणाकडे जाताना आम्हाला दर वेळी लागते. त्या दिवसाचा शेरा मुलाच्या अक्षरात आहे: 'ताळा जुळला.' माझ्या नवऱ्याला हा शेरा सगळ्या वहीत सर्वाधिक आवडतो, कारण त्याच्या मते अखेर कोणीतरी रकान्याच्या शिस्तीला धरून लिहिले.

तिसऱ्या लेण्यात दुसरा मोठा लेख आहे, तो गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा. मुलगा गेल्यानंतर, नातवाच्या राज्यात, तिने हा लेख कोरवून घेतला. आपल्या मुलाच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले, त्याने शक, यवन, पल्हवांना नामोहरम केले, असे पुष्कळ थोर उल्लेख त्यात आहेत, आणि त्याच ओघात, तो आईच्या सेवेत कधी कमी पडला नाही, असेही नोंदवलेले आहे. खाली उतरल्यावर मी हे सासूबाईंना सांगितले. त्यांचे गुडघे धरल्यापासून त्या पायथ्याशीच थांबतात. त्यांनी ऐकून घेतले, नवऱ्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "समुद्राचं राहू द्या, पण हे तिने बरं लिहून ठेवलं."

पावसाळ्यातली पाने वहीत सर्वांत गलिच्छ आहेत. शाई फुटलेली, चिखलाचे ठसे, एका पानावर तर भेळभत्त्याच्या तेलाचा डाग इतका मोठा की लिटर आणि रुपये दोन्ही पारदर्शक झाले आहेत. या दिवसांत आम्ही त्र्यंबकेश्वर, पहिने, इगतपुरी या बाजूला जातो. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या धारेवर अडतात आणि बहुतेक सगळे तिथेच रिते होतात, त्यामुळे इगतपुरीला वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, नाशिक शहरात जेमतेम ७०० च्या आसपास, आणि पूर्वेकडे येवला, चांदवडकडे तर ५०० च्या आगेमागे. पुस्तकात हे वाचताना काही वाटत नाही. आमच्या वहीत मात्र नवऱ्याने एका जुलैत, त्र्यंबकहून शहराकडे परतताना, अगदी यांत्रिक हेतूने, लिहून ठेवले आहे: 'वायपर त्र्यंबकपासून महिरावणीपर्यंत जोरात, सातपूरला बंद.' पर्जन्यछायेचा इतका आटोपशीर धडा मी दुसरीकडे वाचलेला नाही.

सासूबाईंचे माहेर चांदवड तालुक्यातले. विहिरीचा तळ दिसू लागला की घरातली माणसे हळू आवाजात बोलू लागतात, अशा गावात त्या वाढल्या. त्यामुळे पहिन्याच्या घाटात रस्त्यावरून वाहून जाणारे पाणी त्या कौतुकाने पाहतच नाहीत. त्यांना ते पाहून राग येतो. "एवढं पाणी नुसतं वाया चाललंय, आणि ही पोरं त्याच्याखाली नाचतायत," असे त्या दर वर्षी म्हणतात आणि दर वर्षी आमच्याबरोबर येतातही.

धबधब्यांच्या बाबतीत आता मी त्यांच्या बाजूची झाले आहे. रविवारी तिथे जी गर्दी लोटते, जी गाणी मोटारींच्या डिक्या उघड्या टाकून वाजवली जातात आणि जे बाटल्यांचे ढीग मागे राहतात, त्यांत पाण्याचा आवाज ऐकूच येत नाही. शिवाय वर डोंगरात पाऊस वाढला की खालच्या ओढ्याचे पाणी बघता बघता चढते, आणि पलीकडे गेलेली माणसे पलीकडेच अडकतात. एकदा आम्ही एका ओढ्याच्या अलीकडे उभे होतो. मुलांना पलीकडे जायचे होते, नवराही तयार झाला होता. तेवढ्यात गुरे घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्याने नुसती काठी आडवी धरली. तो काही बोलला नाही. गुरेही थांबली, आम्हीही थांबलो. वीस मिनिटांनी ज्या दगडावर पाय देऊन आम्ही जाणार होतो, तो दगड दिसेनासा झाला होता. त्या दिवशी शेऱ्यात कोणी काही लिहिले नाही. रकाना कोरा आहे, आणि तो कोरा का आहे हे आम्हा चौघांनाही पक्के आठवते.

तेव्हापासून आम्ही धबधबे सोडले आणि आवणी पाहायला जाऊ लागलो. आवणी म्हणजे भाताची लावणी, आमच्या इकडे इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात हाच शब्द चालतो. उन्हाळ्यात शेताच्या एका तुकड्यावर शेण, पालापाचोळा, काटक्या पसरून राब भाजतात. त्यामुळे तणाचे बी जळते आणि राख मिळते. पहिल्या पावसात तिथे भात पेरायचे, रोप वीतभर वाढले की उपटून त्याच्या मुठी बांधायच्या आणि चिखलणी केलेल्या खाचरांत लावत जायचे. गुडघाभर चिखलात वाकून, मागे मागे सरकत, एका ओळीत दहा-बारा बायका लावणी करतात तेव्हा ते पाहणाऱ्याला फार सुंदर दिसते. करणाऱ्याच्या कमरेला काय वाटते ते मुलीला कळावे म्हणून एका खाचराच्या मालकिणीने तिला हौसेने आत बोलावले. पाच मुठींतच ती परत आली. मुलगा न बोलावता गेला आणि त्याचा बूट चिखलात रुतला. ओढून ओढून तो रडकुंडीला आला, तेव्हा ओळीतली एक बाई मान वर न करताच म्हणाली, "उचलू नको रे पाय, फिरव." त्याने फिरवला आणि पाय बुटासकट बाहेर आला. शेरा: 'पाय उचलू नको, फिरव.' हे वाक्य आता आमच्या घरात बरणीच्या घट्ट बसलेल्या झाकणापासून दहावीच्या बीजगणितापर्यंत सगळीकडे वापरले जाते.

सर्वांत जास्त ओळी मात्र एकाच सहलीवर खर्च झालेल्या आहेत, इतक्या की मजकूर रकान्याबाहेर येऊन रुपयांच्या रकान्यात शिरला आहे आणि नवऱ्याने बाणाने त्याला परत जागेवर नेले आहे. डिसेंबर २०१९ मध्ये आम्ही नांदूरमध्यमेश्वरला गेलो. निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवेच्या संगमावर, इंग्रजांच्या काळात बांधलेला एक बंधारा आहे. नदीने वाहून आणलेला गाळ त्याच्या मागे साठत गेला, पाणी उथळ झाले, गाळाची बेटे तयार झाली, त्यांवर वनस्पती माजल्या, त्यांत मासे, शंखशिंपले, किडे आले, आणि त्यांच्यामागून पक्षी. पाटबंधारे खात्याच्या दृष्टीने गाळ म्हणजे नुकसान. पक्ष्यांच्या दृष्टीने ते वाढलेले ताट. १९८६ मध्ये हे अभयारण्य म्हणून घोषित झाले. आम्ही जाऊन आलो त्यानंतर महिन्याभराने, जानेवारी २०२० मध्ये, ते रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आल्याचे जाहीर झाले, महाराष्ट्रातले पहिलेच. ती बातमी वर्तमानपत्रात वाचून मुलाने जणू आपणच शिफारस केली होती अशा थाटात शाळेत सांगितले.

पहाटे साडेचारला निघालो. निफाडची थंडी राज्याच्या बातम्यांत येते ती उगाच नाही. द्राक्षबागांच्या कडेने जागोजाग शेकोट्या पेटवलेल्या होत्या. थंडी फार वाढली की मणी तडकतात, वाढ थांबते, म्हणून बागाईतदार पहाटे उठून धूर करतात आणि वेलींना पाणी सोडतात. आम्ही काचा वर करून, शाली पांघरून, त्यांच्या जागरणातून मौजेला चाललो होतो, याची थोडी लाज वाटली. अभयारण्याच्या काठच्या चापडगावला पोहोचलो तर समोर काहीच नव्हते. काहीच म्हणजे अक्षरशः काहीच. धुके इतके दाट की पक्षी पाहण्याच्या मनोऱ्याच्या पायऱ्या चौथीनंतर संपत होत्या. गावातला एक तरुण दुर्बीण घेऊन आमच्याबरोबर आला होता. त्याने तिवई लावली, दुर्बीण बसवली आणि शांतपणे म्हणाला, "पक्षी आहेत. फक्त दिसत नाहीयेत." मुलगा इतका रागावला की त्याने दोन तास कोणाशी न बोलण्याचे जाहीर केले.

सासूबाईंसाठी आम्ही डिकीत एक प्लास्टिकची खुर्ची नेहमी ठेवतो. ती काठावर मांडली, त्या स्वेटर, शाल आणि कानटोपी अशा बंदोबस्तात बसल्या आणि पाण्याकडे तोंड करून ऐकत राहिल्या. हळूहळू आम्हीही ऐकू लागलो. कुठे पाण्यावर पंख आपटल्यासारखा आवाज, कुठे कोंबडीसारखे कुरकुरणे, खूप वरून जाणारी एक हाकाटी. साडेआठच्या सुमाराला धुके खालून उचलले गेले. पाणी तेवढे दिसू लागले आणि त्यावर ठिपके ठिपके, काळे, शेकड्यांनी.

"वारकरी," तो तरुण म्हणाला.

सासूबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. सगळे अंग काळे आणि कपाळावर पांढरा ठसठशीत टिळा, म्हणून त्या पक्ष्याला मराठीत वारकरी म्हणतात, हे त्याने समजावून सांगितले. पुढचा तासभर त्यांनी त्याला एकेक नाव विचारून पार थकवले. चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी लाल ठिपका असलेले बदक हळदी-कुंकू. फावड्यासारखी चपटी चोच पाण्यावर फिरवत चरणारे थापट्या. शेपटीला लांब टोक असलेले तलवार बदक. काडीसारख्या लांब, गुलाबी पायांवर तोल सावरत चालणारा शेकाट्या. हिमालय ओलांडून आलेला, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब. ज्यांनी ही नावे ठेवली ती माणसे पक्ष्यांकडे पाहताना आपले घरदार विसरलेली नव्हती, हे त्या दिवशी जाणवले. त्यांनी पाण्यात हळदीकुंकू पाहिले, दिंडी पाहिली. मुलाने मौनव्रत मोडले ते शेकाट्याचे पाय पाहून. सासूबाईंनी स्वतः लिहिलेला पहिला शेरा त्या दिवसाचा आहे, मोठ्या, सुट्या अक्षरात: 'वारकरी पाहिले. पांडुरंग दिसला नाही. दाट धुकं होतं.'

त्यानंतर मार्च ते जून २०२० या चार महिन्यांत वहीत एकच ओळ आहे: 'बॅटरी उतरली.'

वही नसती तर आमच्या घरात एक वाद कायमचा राहिला असता. नवऱ्याची एक चप्पल दरीत पडली आणि तो एका पायात चप्पल, दुसऱ्या पायाला हातरुमाल बांधून उतरला, हे सर्वांना मान्य होते. कुठे, यावर मात्र एकमत नव्हते. मुलगी म्हणे रामशेजला. पेठ रस्त्याकडचा आशेवाडीजवळचा हा किल्ला चढायला सोपा आहे, त्याने मोगलांना मात्र काही वर्षे दाद दिली नव्हती, आणि तेव्हा बाबांच्या चपलेचे काय घेऊन बसलात, असा तिचा युक्तिवाद होता. मुलगा शपथेवर सांगे की ते हरिहर, कारण त्याला खड्या पायऱ्या आठवत होत्या. मला स्वतःला ब्रह्मगिरी वाटत होते. वहीत पाहिले तर म्हसरूळजवळची चामरलेणी निघाली, जिथे दरी अशी नाहीच. चप्पल पायऱ्यांवरून खाली घरंगळली आणि एका कुत्र्याने ती पळवली, एवढाच प्रकार होता. पुराव्यानंतरही तिघांपैकी कोणीच आपले मत बदललेले नाही.

वही सलग वाचताना मला जे अजिबात अपेक्षित नव्हते ते वेगळेच निघाले. २०१९ नंतरचे बहुतेक चांगले शेरे वर चढून जाणाऱ्यांचे नाहीत. ते खाली थांबणाऱ्या सासूबाईंचे आहेत. आम्ही डोंगरावर जात होतो, धापा टाकत होतो, माथ्यावर पोहोचून छायाचित्रे काढत होतो आणि उतरत होतो. तेवढ्या दोन-तीन तासांत त्या गाडीत किंवा त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पाहत होत्या आणि वही त्यांच्या मांडीवर होती. सातवीपर्यंत शिकलेल्या, लग्नानंतर वाण्याच्या यादीपलीकडे फारसे न लिहिलेल्या माझ्या सासूबाईंनी काय काय लिहून ठेवले आहे, याची मला इतक्या वर्षांत कल्पनाच नव्हती, कारण पेट्रोल भरताना वही नवऱ्याच्या हातात असायची आणि तो फक्त आकडे पाहायचा. रामशेजच्या पायथ्याशी: 'मेंढरं गेली. सत्तर तरी असतील. एक लंगडत होतं, पोरानं खांद्यावर घेतलं.' गंगापूर धरणाजवळ: 'खंड्यानं सात बुड्या मारल्या. मासा एकदाच.' सप्तशृंगीच्या गडाखाली, एका उन्हाळ्यात: 'समोरच्या झाडाला एक पान नाही आणि नवरीसारखं लाल. पळस.' पांडवलेण्यांखाली, म्हणजे ज्या दिवशी व्याजाचा ताळा जुळला त्याच दिवशी, मुलाच्या शेऱ्याखाली बारीक अक्षरात: 'नातू हसत उतरला. काय झालं विचारलं नाही.'

एक ओळ गंगेची आहे. बाहेरच्यांसाठी ती गोदावरी, नाशिककर मात्र गंगेवर जातात, आणि पूर किती आला हे मीटरने सांगत नाहीत, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या अंगावरून सांगतात. गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले. एका ऑगस्टमध्ये आम्ही सगळे पूर पाहायला गेलो, गाडी लांब उभी करावी लागली आणि सासूबाई तिच्यातच बसून राहिल्या. परतल्यावर मुलांनी त्यांना सांगितले की मारुतीच्या छातीपर्यंत पाणी आहे. वहीत लिहिलेले असे: 'पूर दिसला नाही. ओल्या पायांची माणसं बघितली. सगळी एकमेकांशी बोलत होती.'

गाडी विकायला काढली तेव्हा घेणाऱ्या गृहस्थांनी देखभालीची नोंद मागितली, आणि नवऱ्याने मोठ्या अभिमानाने वही त्यांच्यापुढे ठेवली. इतकी वर्षे ज्या क्षणासाठी त्याने आकडे लिहिले होते, तो क्षण हाच. गृहस्थांनी चार पाने उलटली, चष्मा वर केला आणि विचारले, "हे वारकऱ्यांचं काय आहे?" व्यवहार ठरला, पण वही त्यांना हवी होती, आणि ते त्यांच्या बाजूने रास्तच होते. शेवटी नवऱ्याने तीन रात्री बसून पहिले चार रकाने नव्या वहीत उतरवून काढले आणि ती त्यांना दिली. शेऱ्यांपैकी वायपर, ब्रेक आणि बॅटरी तेवढे घेतले. बॅटरीची ओळ उतरवताना तो बराच वेळ थांबला होता.

नव्या गाडीत किलोमीटर, लिटर, सरासरी, चाकांतली हवा सगळे पडद्यावर आपोआप दिसते. वहीची गरज नाही, असे मुलीने सांगून पाहिले. नवऱ्याने तरीही दुकानातून दोनशे पानी वही आणली, पट्टी घेतली आणि रेघा मारल्या. मी मागून पाहिले तर या वेळी रकाने तीनच होते: दिनांक, किलोमीटर आणि उरलेले सगळे पान शेरा. पहिल्या रविवारी आम्ही गंगापूर धरणापर्यंत जाऊन आलो. मुले काठावर उतरली, आम्ही दोघेही थोडे चाललो, आणि परत आलो तेव्हा वही लिहून मिटून ठेवलेली होती. घरी आल्यावर मी ती उघडली.

'नवी गाडी. गार आहे. काच माझ्याकडून खाली होत नाही, बटण सापडत नाही. बाहेर कसला तरी पक्षी बोलत होता.'